संस्थेचा सर्व्हर आणि वेबसाईट क्लाउडवर नेताना

पुण्यातल्या कितीतरी शाळा, ट्रस्ट, वाचनालयं आणि दवाखान्यांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर कधीच बंद केला जात नाही. विद्यार्थ्यांचे दाखले, देणगीच्या पावत्या, मिळकतींचे स्कॅन केलेले कागद, सगळं त्याच्यावर असतं. काही ठिकाणी संस्थेची वेबसाईटही तिथूनच चालते. हाच त्या संस्थेचा सर्व्हर. लाईट गेली की तो बंद, आणि हार्ड डिस्क गेली की वर्षानुवर्षांचं दफ्तर गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर भागात घरादुकानांत पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या सर्व्हरचं अशा रात्री काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आता लहान संस्थाही क्लाउडचा विचार करतात, आणि तो योग्यच आहे. पण डेटा क्लाउडवर गेला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. लोकांची माहिती ही संस्थेकडची अमानत असते. ती हलवताना काय काय बघायचं, ते इथे क्रमाने देत आहोत.

क्लाउड म्हणजे नेमकं काय?

मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधली यंत्रं भाड्याने वापरणं, एवढंच. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र तर पुण्यातच आहे आणि २०१५ पासून सुरू आहे. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केलं. सेवा घेताना केंद्र निवडावं लागतं. तिथे भारतातलंच केंद्र निवडा. साईट लवकर उघडते आणि डेटा देशातच राहतो.

सगळ्यांना एकच सोय लागत नाही. फक्त माहिती देणारी वेबसाईट असेल तर साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं. फी, प्रवेश, निकाल यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर लागतो. नुसत्या फाईली असतील तर ऑनलाईन स्टोरेज बास आहे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आणि हजेरीचं मशीन मात्र ऑफिसातच राहू द्या. ते सतत वर चढवत बसलं तर नेट अडकतं आणि बिल वाढतं.

हलवण्याआधी

१. यादी करा. कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचं, कोण वापरतं, डेटा किती जीबी, सगळं एका कागदावर उतरवा. विंडोज सर्व्हर २०१२ चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. असं जुनं काही असेल तर ते जसंच्या तसं उचलून नेऊ नका. आधी नव्या आवृत्तीवर चालतं का ते बघा.

२. साफसफाई करा. काम संपलेल्या आधार कार्डांच्या स्कॅन कॉप्या, जुन्या अर्जदारांचे फोटो, मदत घेतलेल्या कुटुंबांच्या नको असलेल्या याद्या काढून टाका. डेटा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ठेवला तरी २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याप्रमाणे जबाबदारी तो गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

३. बॅकअप घ्या. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही खरा आहे.

४. वेळेचा हिशोब करा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर एक टीबी डेटा चढायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. रमजान, प्रवेश आणि निकालाचे दिवस सोडून तारीख ठरवा.

हलवताना

१. आधी नव्या जागी प्रत उभी करा. जुनी साईट चालूच ठेवा.

२. मराठी आणि उर्दू मजकूर नीट दिसतो का, ते डोळ्यांनी तपासा. जुना डेटाबेस युनिकोडमध्ये नसेल तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मायएसक्यूएल असेल तर ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच ठेवा.

३. डोमेनच्या नोंदीतला टीटीएल दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. तो २४ तासांचा असेल तर पत्ता बदलल्यावरही काही लोकांना दिवसभर जुनीच साईट दिसत राहते.

४. शेवटच्या रात्री नवीन नोंदी थांबवा, डेटाबेसची ताजी प्रत न्या आणि मग पत्ता बदला.

५. संस्थेचे ईमेल त्याच डोमेनवर असतील तर ‘एमएक्स’ नोंदी जशाच्या तशा राहिल्या का ते बघा. साईट चालू पण मेल बंद, हा नेहमीचा घोळ आहे.

६. जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. निदान महिनाभर तसाच ठेवा, आणि देताना डिस्क पूर्ण पुसून द्या.

खर्च किती?

२०० वॅटचा सर्व्हर चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे १४४ युनिट वीज खातो. एसी, यूपीएसची बॅटरी आणि दुरुस्ती वेगळी. क्लाउडचं बिल मात्र वापरावर येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. बऱ्याच कंपन्या डेटा बाहेर काढण्याचेही पैसे घेतात. म्हणून पहिल्याच दिवशी खर्चाची सूचना लावून ठेवा. चाँदरातीला साईटवर एकदम गर्दी होते. त्या वेळी लहान व्हर्च्युअल सर्व्हर आपोआप मोठा होत नाही, तशी सोय आधी करून ठेवावी लागते.

किल्ल्या कुणाकडे?

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो, खरं तर तो पहिला हवा. डोमेन आणि क्लाउडचं खातं ज्या मुलाने साईट बनवली त्याच्या वैयक्तिक ईमेलवर असेल, तर तो नोकरीसाठी दुबईला गेल्यावर संस्था स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहते. खातं संस्थेच्या ईमेलवर घ्या, दोन पदाधिकाऱ्यांना अधिकार द्या, दुहेरी पडताळणी चालू करा. कमिटी बदलली की त्याच बैठकीत पासवर्डही बदला.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे होता ते पुन्हा उभे राहिले. ज्यांचा नव्हता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. तेव्हा क्लाउडवर गेल्यावरही एक प्रत वेगळ्या जागी ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतून एखादी फाईल खरंच उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.