शाळेचे शेरेबुक

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील जुन्या शाळेत जाण्याचा योग आला असता, तेथील कपाटाच्या तळाशी वाळवीच्या तावडीतून वाचलेले एक शेरेबुक आमच्या हाती लागले. गावाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. पुस्तकात निरनिराळ्या साहेबांच्या सह्या होत्या, निरनिराळ्या शाया होत्या आणि पुढे पुढे मोडीची जागा बाळबोधाने घेतली होती. शेरा मात्र बहुतेक एकच होता : खालच्या इयत्तांचे वाचन कच्चे; मास्तरांनी लक्ष पुरवावे. पिढ्या बदलल्या तरी हे वाचन कच्चेच राहिले, ह्याचा दोष एकट्या मास्तरांच्या माथी मारण्याइतके आम्ही भोळे नाही. शाळेचा पैसा पुरविणारा एक आणि शाळेस शहाणपण सांगणारा दुसरा, ह्या दोघांचे आपसांत काय नाते होते, ते पाहिल्यावाचून ह्या शेऱ्याचा अर्थ लागावयाचा नाही.

१८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर, दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात विद्याखाते सुरू झाले. खाते निघाले तरी खेडोपाडी शाळा काढण्यास पैसा कोठून यावा, हा प्रश्न उरलाच होता. १८६३-६४ च्या सुमारास त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या सोप्यात सापडले. शेतसाऱ्याच्या दर रुपयावर एक आणा लोकल फंड बसविण्यात आला आणि १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के रूप आले. त्या आण्यातील आठ पै रस्ते वगैरे कामांस आणि चार पै शाळांस, अशी वाटणी होती. चोवीस रुपये सारा भरणारा कुणबी दीड रुपया लोकल फंड देई आणि त्यांतील आठ आणे शाळेच्या वाट्यास जात. आठ आणे ही रक्कम आज हसण्यासारखी वाटते, पण त्या कुणब्यास ती हसण्यासारखी नव्हती, आणि त्याचा मुलगा त्या शाळेत बहुधा जातही नव्हता.

पैसा अशा रीतीने गावचा. शाळा मात्र खात्याची. मास्तरांची नेमणूक, बदली, बढती, पुस्तके, परीक्षा हे सर्व खात्याच्या हाती. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे स्थापन झाली आणि शाळांचा खर्च त्यांच्या अंदाजपत्रकात दिसू लागला, तरी बोर्डाचे अध्यक्ष बहुधा कलेक्टर, आणि शाळेच्या बाबतीत शेवटचा शब्द इन्स्पेक्टरसाहेबांचा. सभासद देशमुख-इनामदार-वकील मंडळींनी खर्चास मंजुरी द्यावी व स्वस्थ बसावे, असा एकंदर प्रकार होता.

ज्यांनी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ‘डिपोटी’च्या भेटीची वर्णने ऐकली असतील, त्यांस ह्या व्यवस्थेचे स्वरूप वेगळे समजावून देण्याची गरज नाही. आठ दिवस आधी वर्दी यावयाची. शाळा सारवून, दाराला आंब्याचे डहाळे लावून तयार. हुशार पोरे पुढच्या ओळीत, आणि ठरलेला धडा त्यांच्याकडून पाठ करून घेतलेला. डिपोटी हा सल्लागार खरा, पण ज्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने दूरच्या आडगावी बदली होते, त्याच्यापाशी आपली अडचण कोणता मास्तर उघड करील? त्यास शाळा दिसे ती सजविलेली. मग कच्चे वाचन दिसले तरी ते कच्चे का राहिले हे कळण्यास वाव नसे.

हे सर्व प्रथम स्पष्टपणे बोलून दाखविले ते जोतीराव फुले यांनी. हंटर कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी जे निवेदन केले, त्यात लोकल फंडाची निम्मी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणास द्यावी ही मागणी आहे, व ती पुष्कळांस ठाऊक आहे. तपासणीविषयी ते काय म्हणाले, तिकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. डेप्युटीची वर्षातील एक भेट विशेष उपयोगाची नाही; तपासणी निदान तीन महिन्यांनी एकदा व्हावी, आणि अगाऊ वर्दी न देताही शाळा पाहाव्यात, असे त्यांनी सुचविले. परीक्षेच्या निकालावर पैसा देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षण पसरविण्यास योग्य नाही, असेही त्यांनी बजावले. मास्तर शक्यतोवर शेतकरी वर्गातून यावा, प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास त्यास लाज वाटू नये, ही त्यांची अपेक्षा होती. आमच्या मते ह्या सूचनांचे मर्म एकच आहे. पाहणारा आणि शिकविणारा ह्यांमधील अंतर कमी व्हावे. कमिशनने निवेदन छापून घेतले, आणि डिपोटीच्या फेऱ्या पूर्ववत चालू राहिल्या.

मग १९२३ साली फासा उलटा पडला. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना झालेल्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या व म्युनिसिपालिट्यांच्या स्कूलबोर्डांकडे गेला. सरकारी तपासनिसाने आता दोष दाखवावयाचा. तो दूर करणे न करणे बोर्डाच्या मर्जीवर. काल ज्याच्या नावाने मास्तर कापत, तो आज पाहुणा झाला. बदल्या-बढत्यांना निवडणुकीचा वास येऊ लागल्याच्या तक्रारी उठल्या. १९२९ मध्ये सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीने, सरकारने आपला अधिकार स्थानिक संस्थांवर वाजवीपेक्षा अधिक सोपविला असून तपासणी दुबळी आहे, असा अभिप्राय दिला. त्याच अहवालात एक आकडा आहे : ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोचली ती अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी मुले शाळा सोडून गेली होती किंवा खालच्याच वर्गात खितपत होती.

हार्टॉगसाहेबांचा आकडा आम्हांस मान्य आहे. दोषाची वाटणी पूर्णपणे मान्य नाही. साठ वर्षे ज्या गावकऱ्यांस केवळ पैसे मोजण्यापुरते बोलाविले, त्यांच्या प्रतिनिधींनी एका रात्रीत शाळा चालविण्यात निष्णात व्हावे, ही अपेक्षाच अजब होती. तपासनिसासही हुकूम करण्याची सवय होती. समजावून सांगण्याची विद्या त्यास कोणी शिकविलीच नव्हती. पुढे बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत, १९३८ व १९४७ च्या कायद्यांनी, सरकारी प्रशासन अधिकारी आणून दोर पुन्हा आवळण्यात आला, आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्यावर शाळा त्यांच्याकडे गेल्या. ह्या ओढाताणीचा तपशील कंटाळवाणा आहे. तो आम्ही सोडून देतो.

ह्याहून निराळी एक तऱ्हा मात्र सांगण्यासारखी आहे. १९९५ साली मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था निघाली आणि महापालिकेच्या शाळांशी तिने हातमिळवणी केली. ह्या बाहेरच्या मंडळींच्या हाती ना पगार होता ना बदली. त्यांनी वस्तीतीलच शिकलेली मुलगी ‘बालसखी’ म्हणून शाळेत धाडली. तिने तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसावे आणि वाचन व गणित पहिल्यापासून करून घ्यावे. कच्चे वाचन नुसते नोंदविण्याऐवजी कोणी तरी ते पक्के करावयास बसले. मुंबई व बडोदे येथील ह्या प्रयोगाची अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ च्या दरम्यान कसून परीक्षा केली, तेव्हा मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली.

परंतु त्याच परीक्षेत दुसरीही एक गोष्ट आढळली, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. कार्यक्रम संपून वर्ष लोटल्यावर त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा झालेल्या वाढीपैकी बरीचशी ओसरली होती. बालसखीचे दोन तास संपले होते, आणि मुले पुन्हा नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या मास्तरांपुढे, नेहमीच्या शेरेबुकाच्या सावलीत बसली होती.