खानदानी मासा, कचरा मासा

2004 सालची गोष्ट. मास्टर्स संपवून डेट्रॉईटजवळ पहिल्या नोकरीला लागलो होतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शनिवारी मासे पकडायला चल म्हणून आमंत्रण दिले. माझे बालपण सांगलीजवळ कृष्णाकाठी गेलेले. वेताची काठी, दोरा आणि आईच्या परातीतून पळवलेली कणीक एवढ्या भांडवलावर आम्ही पोरे अख्खी मे महिन्याची सुट्टी काढत असू. म्हटले, आपल्याला काय शिकवणार हे!

सहकारी सगळ्या सरंजामासह आला होता. मेणकापडी जाकीट, तीन काठ्या आणि पिसांपासून बनवलेल्या नकली माश्यांची एक पेटी. खरे तर तो ट्राउटवाला. पण ट्राउटच्या नद्या उत्तरेला तीन-चार तासांवर, म्हणून त्या दिवशी जवळच्या तळ्यात 'बास'वर समाधान मानायचे होते. मी घरून हळद घालून मळलेली कणीक नेली होती. तासाभरात माझ्या गळाला जे काही लागले त्याने काठी पार वाकवली. पंधरा मिनिटांच्या झटापटीनंतर काठावर आला तो चांगला दहा पौंडांचा मासा. सोनेरी, रुपयाएवढे खवले, तोंडाशी दोन्ही बाजूंना मिशा. मी तर नाचायचाच बाकी होतो. सहकाऱ्याने एक नजर टाकली आणि हळहळून म्हणाला, "अरेरे, कार्प आहे. कचरा मासा. टाकून दे झुडपात."

कचरा! आपले रोहू, कटला, मृगळ हे सगळे कार्पचेच भाऊबंद. म्हणजे रविवारी पाटलांच्या घरी शिजायचे ते काय होते? माझा चेहरा पाहून शेजारी गळ टाकून बसलेले एक पोलिश वंशाचे आजोबा हसले आणि तो मासा त्यांना हवा असल्याचे सांगितले. त्यांच्याकडे ख्रिसमसच्या आदल्या रात्री पानात कार्प असावाच लागतो. एकाच काठावर तीन माणसे आणि एकाच माशाबद्दल तीन मते. हा उच्चनीचभाव आला कुठून, हे शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला.

इंग्रजांपुरते उत्तर सोपे आहे. त्यांनी गोड्या पाण्यातल्या माशांची सरळ दोन वर्णांत विभागणी केली. सॅमन आणि ट्राउट हे शिकारीचे, मानाचे मासे. कार्प, रोच, टेंच, पाईक वगैरे बाकीचे सगळे भरड. मानाचा मासा वाहत्या, थंड, नितळ पाण्यात, म्हणजे बहुधा कुणा जमीनदाराच्या हद्दीत. भरड मासा कालव्यात आणि तळ्यात, गिरणी कामगारालाही परवडणारा. माशाची जात ही अशी थोडीफार गळवाल्याचीच जात होती. एरवी 1653 साली गळ टाकण्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या आयझॅक वॉल्टनने कार्पला मोठ्या मानाने वागवले आहे.

अमेरिकेतली कथा मात्र चक्रावून टाकणारी आहे, कारण इथे कार्प आला तो सरकारी पाहुणा म्हणून! 1871 साली अमेरिकन सरकारने मत्स्य आयोग नेमला. प्रमुख होते स्पेन्सर बेअर्ड, पुढे स्मिथसोनियन संस्थेचेही प्रमुख झालेले नामांकित शास्त्रज्ञ. देशी मासे घटत चालले होते, लोकसंख्या वाढत होती आणि युरोपातून आलेले लोक आपल्याकडच्या कार्पची आठवण काढत होते. भराभर वाढणारा, काहीही खाणारा, गढूळ डबक्यातही जगणारा मासा म्हणजे गरिबाघरची चंगळ, असा साधा हिशोब. 1877 च्या मे महिन्यात जर्मनीहून आणलेले 345 कार्प बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधल्या तळ्यांत सोडले गेले. नंतर वॉशिंग्टन शहरात, थेट वॉशिंग्टन स्मारकाशेजारी त्यांची तळी झाली. माशांच्या वाहतुकीसाठी रेल्वेचे खास डबे बनले. 1883 साली सुमारे 2,60,000 कार्प देशभर वाटले गेले, आणि काँग्रेसच्या 301 मतदारसंघांपैकी 298 मतदारसंघांत ते पोचले! मतदाराला खूश करायचे तर पाठव कार्पची जोडी. आपल्याकडे बोअरवेल आणि समाजमंदिरे, तिकडे मासे.

आता याच 1883 सालच्या फेब्रुवारीत काय झाले पाहा. 'वेरा' नावाच्या बोटीतून न्यूयॉर्क बंदरात जर्मनीचा दुसरा पाहुणा उतरला: तपकिरी ट्राउटची सुमारे 80,000 अंडी. बॅरन फॉन बेर या जर्मन उमरावाने ती फ्रेड मॅथर या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाकडे पाठवली होती. त्यातली काही आपल्या मिशिगनमध्ये नॉर्थव्हिलच्या मत्स्यबीज केंद्रात आली. होय, तेच नॉर्थव्हिल. नॉव्ही-नॉर्थव्हिल भागात आज आपल्या मंडळींची किती घरे आहेत! 11 एप्रिल 1884 रोजी तिथली 4,900 पिल्ले पेर मार्केट नदीच्या एका फाट्यात सोडली गेली. अमेरिकेतल्या नदीत तपकिरी ट्राउट सोडल्याची ही पहिली नोंद धरतात.

दोघेही जर्मन, दोघेही परके. वीस वर्षांत एक कचरा ठरला, दुसरा खानदानी!

कार्पविरुद्धच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे सांगायला हवे. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. त्यामुळे बदकांचे खाद्य जाते आणि इतर माशांची अंडी घालण्याची जागाही. सरकारने 1890 च्या दशकात वाटप थांबवले. पण त्याच काळात जंगलतोड, शेतातली वाहून येणारी माती आणि शहरांचे सांडपाणी यांनीही नद्या गढूळ होत होत्या. त्या पाण्यात दुसरे कोणी जगेना, कार्प जगला, आणि सगळ्या पापाचे धनीपण त्याच्या माथी आले. शिवाय तो खाणारे कोण? नुकतेच बोटीतून उतरलेले पोलिश, ज्यू, बोहेमियन. मासा आणि माणूस दोघांकडे नाक मुरडण्याची सोय एकदमच झाली, असे माझे मत आहे.

तपकिरी ट्राउटचेही सुरुवातीला स्वागत झाले नाही. तो इथल्या ठिपक्याठिपक्यांच्या ब्रुक ट्राउटला हुसकावतो, खातो, आणि लेकाचा गळाला लागत नाही, अशी ओरड होती. पण पुढे गळाला न लागणे हाच त्याचा गुण ठरला! जो मासा फसवायला कौशल्य लागते, तो पकडणारा कुशल. ब्रुक ट्राउटला न मानवणाऱ्या, झाडे तोडल्यामुळे कोमट झालेल्या नद्यांत तो तग धरी, हा दुसरा गुण. कार्पही नेमका याच कारणांनी जगतो आणि तोही मोठा हुशार मासा आहे; पण नशीब असावे लागते.

मिशिगनच्या उत्तरेला ओसेबल नदीवर ग्रेलिंग नावाचे गाव आहे. 1959 साली 'ट्राउट अनलिमिटेड' ही ट्राउटप्रेमींची संघटना याच परिसरात स्थापन झाली. ट्राउटवाल्यांची ती पंढरीच म्हणा. पण गावाचे नाव ट्राउट नाही, ग्रेलिंग आहे. हा पाठीवर शिडासारखा पर असलेला मासा इथल्या नद्यांचा मूळ मालक. 1870 च्या दशकात रेल्वे आली आणि शिकागोकडून हौशी गळवाले लोटले. ग्रेलिंग बिचारा भोळा, कोणत्याही माशीवर झेप घेई. शेकड्यांनी पकडले, बर्फात घालून बाजारात पाठवले. वसंतात, नेमक्या अंडी घालण्याच्या दिवसांत, तोडलेले ओंडके नदीतून सोडले जात. ते तळ खरवडून काढत. उरल्यासुरल्या जागेत नवे ट्राउट आणून सोडले. 1930 च्या दशकात मिशिगनचा शेवटचा ग्रेलिंग संपला. मागे उरले गावाचे नाव. 2016 पासून सरकार आणि ओटावा जमातीचे लोक मिळून अलास्काहून अंडी आणून त्याला परत बसवण्याच्या खटपटीत आहेत.

बासवाल्यांचे बंड हाही एक मजेदार अध्याय आहे. जेम्स हेन्शाल या डॉक्टरने 1881 साली बासवर आख्खा ग्रंथ लिहून, वजनास वजन लावले तर याच्याइतका झुंजार मासा नाही, असा दावा केला. ट्राउटवाल्यांच्या तोऱ्याला हे देशी उत्तर होते. 1967 साली रे स्कॉट या विमा एजंटाने आर्कान्सामध्ये बासची मोठी स्पर्धा भरवली, आणि पुढे हा पैशांचा, मोटारबोटींचा खेळ झाला. यात कुणाचे फारसे बिघडले नाही. आवड आवडीच्या जागी राहिली की ती शोभते.

ती सरकारी धोरण झाली की काय होते, त्याचे उदाहरण 1962 चे. वायोमिंग आणि युटामधून वाहणाऱ्या ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण बांधून होत आले होते. जलाशयात रेनबो ट्राउट सोडायचे होते. पण नदीत आधीचे मासे होते ना! त्या देशी माशांना सरकारी कागदोपत्री नाव काय, तर कचरा मासे. सप्टेंबर महिन्यात दोन्ही राज्यांच्या खात्यांनी केंद्राच्या मदतीने मुख्य नदी आणि उपनद्या मिळून सुमारे 700 किलोमीटर पात्रात रोटेनोन हे विष ओतले. थोडेथोडके नव्हे, वीस हजार गॅलनांहून अधिक. रोटेनोनने माशाच्या शरीराला प्राणवायू वापरता येत नाही. शास्त्रज्ञांनी आधीच विरोध केला होता. त्यांना भावनाप्रधान ठरवण्यात आले. खाली एका पुलाजवळ पोटॅशियम परमँगनेट घालून विष मारण्याची व्यवस्था होती, ती अपुरी पडली आणि विष डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत शिरले.

त्या कचऱ्यात कोण होते? पाईकमिनो नावाचा कार्पच्याच गोतावळ्यातला मासा, सहा फुटांपर्यंत वाढणारा. सुरुवातीचे गोरे वसाहतवाले त्याला आवडीने खात आणि पांढरा सॅमन म्हणत. दोन पिढ्यांत सॅमनचा कचरा झाला होता. या प्रकरणावर एवढी टीका झाली की गृहखात्याचे मंत्री स्टुअर्ट उडाल यांना 1963 मध्ये असे प्रकल्प करण्यापूर्वी दुर्मिळ जातींचा विचार करण्याचा आदेश काढावा लागला. 1967 साली संकटग्रस्त प्राण्यांची पहिली यादी निघाली, तीत पाईकमिनो होता. विषापेक्षा धरणाच्या तळातून सुटणाऱ्या थंडगार पाण्यानेच या माशांचे जास्त नुकसान केले, हेही खरे. पण ते थंड पाणी ट्राउटला मानवते, आणि धरणाखालचा तो पट्टा आज ट्राउटसाठी नावाजलेला आहे. दुसरीकडे 1994 साली यलोस्टोन तलावात कुणीतरी चोरून सोडलेला लेक ट्राउट सापडला. तो तिथल्या देशी कटथ्रोटला खाऊ लागला, तेव्हा त्यालाच जाळी लावून मारणे सुरू झाले. आजवर चाळीस लाखांहून अधिक. म्हणजे ट्राउटही कचरा होऊ शकतो!

हे वाचताना मला वाटायचे, चला, निदान हा साहेबांचा घोळ आहे. तेवढ्यात आपल्या लोणावळ्याचे नाव समोर आले.

भारतात आलेल्या इंग्रजांना ट्राउटची इतकी हुरहूर, की 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून त्यांनी काश्मीरच्या नद्यांत ट्राउट वसवला. पण मैदानातल्या साहेबाला महाशीर भेटला आणि त्याचा तोरा उतरला. हेन्री थॉमस यांनी 1873 च्या आपल्या पुस्तकात त्याची झुंज सॅमनपेक्षा सरस ठरवली. आणि महाशीर कोण? कार्पच्या कुळातला! त्याच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव आहे 'टॉर खुद्री'. 1839 साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिले. दख्खनच्या माशांना नावे देताना त्यांनी आपल्या लोकांच्या तोंडचीच नावे घेतली, म्हणून लॅटिन यादीत खुद्री, कोलस, नुकटा असे ओळखीचे सूर ऐकू येतात.

धरणांनी या खुद्रीची वाट अडवली. तेव्हा 1970 च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावांकाठी महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. हे काम फार मोलाचे होते. तिथले बीज देशभर गेले, आणि कावेरीतही गेले. हौशी गळवाल्यांना महाशीर हवे होते, आणि महाशीर म्हणजे महाशीर, या समजुतीने ते सोडले गेले. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी. 1946 साली काबिनी नदीत 120 पौंडांचा पकडला गेला, तो त्याचाच. आपला निळसर परांचा खुद्री तिथे इतका फोफावला की कुबडवाला दिसेनासा झाला. 2018 साली शास्त्रज्ञांनी त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की केली, आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्तांच्या यादीत गेला. शिल्लक मासे आढळले ते मोयार नदीत.

आणि मुळा-मुठा? साइक्स यांना खुद्री मिळाला ती जागा पुण्याच्या पूर्वेला सात-आठ मैलांवर. त्या पात्रात आज काय वाहते, ते पुणेकर वाचकांना मी सांगायला नको.