शालेय छळ : ओळख (पांढरकवडा परिसर)

शालेय छळ म्हणजे एका किंवा अनेक विद्यार्थ्यांनी दुसऱ्याला जाणूनबुजून, वारंवार आणि बळाच्या जोरावर दिलेला त्रास. मारहाण, नावे ठेवून चिडवणे, डबा हिसकावणे, खेळात न घेणे ही त्याची रूपे. हेतू, सातत्य व बळातील तफावत ही तीन गमके डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाच्या १९७०च्या दशकापासूनच्या संशोधनातून रूढ झाली. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातील सुमारे तीनपैकी एका विद्यार्थ्याने आधीच्या महिनाभरात असा त्रास सोसला होता. तरीही तक्रारी मोजक्याच येतात, कारण ज्याच्या धाकाखाली राहायचे त्याचे नाव घेणे मुलाला परवडत नाही. म्हणून तक्रारीची वाट न पाहता मुलाच्या नेहमीच्या वागण्यातला बदल टिपणे, हाच ओळखीचा भरवशाचा मार्ग ठरतो.

पांढरकवडा (केळापूर तालुका, जि. यवतमाळ) येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असून परिसरात गोंड व कोलाम वस्ती मोठी आहे. घरी गोंडी वा कोलामी आणि वर्गात मराठी, अशा मुलाचा उच्चार टिंगलीचा विषय होऊ शकतो. आश्रमशाळेत छळणारा रात्रीही त्याच खोलीत असतो आणि आईवडील सुट्टीतच भेटतात. अशा वेळी फाटलेली वही, हरवणारे साबण-तेल, जेवणाच्या रांगेत मुद्दाम शेवटी थांबणे, सुट्टी संपताना पोट दुखणे, वारंवार गैरहजर राहणे या खुणा आश्रमशाळेच्या अधीक्षकालाच आधी दिसू शकतात.

गैरहजेरी तर कापूस वेचणीमुळेही असते आणि पोट आजारानेही दुखते, हा आक्षेप रास्त आहे. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नयेच. मात्र वेचणीची गैरहजेरी हंगामाबरोबर संपते. छळाची गैरहजेरी विशिष्ट वार, वाट किंवा व्यक्तीला चिकटून राहते. ‘पोरं भांडतातच’ हा दुसरा आक्षेप बळाची तफावत विसरतो. भांडणात दोघेही हात उगारतात आणि पुन्हा एकत्र खेळतात. छळात सोसणारा ठरलेला असतो. ‘कोणी त्रास देतं का?’ याला बहुधा ‘नाही’ हेच उत्तर मिळते. ‘मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसतोस?’ या प्रश्नातून अधिक कळते. शिक्षण हक्क कायदा, २००९चे कलम १७ शाळेत मानसिक छळाला मनाई करते आणि १०९८ ही बालसाहाय्य क्रमांकाची सोय आहे; पण दोन्ही उपयोगी पडतात ते कोणीतरी बदल हेरल्यावरच.