बाळंतपणानंतरचे दिवस

१९२४ साली फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील पाच वर्षांच्या एका मुलीला हेलसिंकीत डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणले. तिला रक्तस्राव सुरू झाला की थांबता थांबत नसे. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. हीमोफिलिया आईकडून येतो आणि भोगतो मुख्यतः मुलगा, असे आपण शिकवतो. इथे तर मुलीच आजारी! विलेब्रांड यांनी त्या कुटुंबातील ६६ जणांची माहिती जमवली. त्यांपैकी २३ जणांना हा त्रास होता आणि त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. हा निराळा आनुवंशिक रोग आहे, असे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. ती मुलगी मात्र पुढे आपल्या चौथ्या पाळीच्या वेळी रक्तस्रावानेच गेली.

रक्तात उणे काय होते? १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन, मार्गारेटा ब्लोम्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाच्या रक्तद्रवातून काढलेला एक अंश अशा रुग्णांना टोचला, तेव्हा रक्तस्राव आटोक्यात आला. म्हणजे उणीव रक्तद्रवातल्या एका घटकाची होती. पुढे त्या प्रथिनाला विलेब्रांड यांचेच नाव मिळाले. फाटलेल्या रक्तवाहिनीला रक्तबिंबिका चिकटतात त्या या प्रथिनामुळे. जणू तो डिंकच!

गरोदरपणात निसर्ग स्वतःच मदत करतो. शेवटच्या तिमाहीत हे प्रथिन दोन-तीन पटींनी वाढते. त्यामुळे सौम्य रोग असलेल्या अनेक स्त्रिया प्रसूतीतून सुखरूप पार पडतात. पण यातच फसगत आहे. त्या काळात केलेली तपासणी निर्दोष वाटू शकते. प्रसूतीनंतर काही दिवसांत प्रथिन मूळ पातळीवर उतरते आणि घरी गेलेल्या बाळंतिणीला रक्तस्राव सुरू होऊ शकतो. तीव्र प्रकारात तर ही वाढ होतच नाही. तिथे प्रथिन बाहेरूनच द्यावे लागते. म्हणून शेवटच्या तिमाहीत पातळी मोजणे, औषध हाताशी ठेवणे आणि प्रसूतीनंतर काही आठवडे लक्ष ठेवणे, असा क्रम आज पाळला जातो.

मात्र हे सारे रोग आधी माहीत असेल तरच! आपल्याकडे पाळीतला अतिस्राव अंगावर काढतात. दर महिन्याला वर्गात गैरहजर राहणारी मुलगी, दात काढल्यावर ज्यांचे रक्त लवकर थांबले नाही अशी तिची आई किंवा मावशी, यांची चौकशी शिक्षिका सहज करू शकतात. शंका आल्यास डॉक्टरांकडे पाठवावे. त्या मुलीच्या बाळंतपणाची काळजी शाळेतच सुरू होते, असे आम्हाला वाटते.