आजोबांचा गोळ्यांचा साचा आणि आपल्या घरातलं शिसं



आज पिकाचं नाही, जरा जुन्या गोष्टीचं लिहितोय. पण शेवटी ते आपल्या घरापर्यंत येतंच, म्हणून पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या घराचं माळवद उतरवलं. कोनाड्यात चिंधीत गुंडाळलेला एक लोखंडी चिमटा निघाला. दोन्ही पात्यांना अर्धा अर्धा गोल खड्डा. चिमटा मिटला की आत पोकळ गोळा तयार होतो आणि वर ओतायला बारीक भोक. सोबत ओंजळभर काळपट शिसं. नातू म्हणाला, "आबा, लाडू वळायचा साचा हाय का?" मी म्हटलं, लाडूच आहे बाबा, पण बंदुकीचा.

आमच्या आजोबांकडं ठासणीची बंदूक होती. पीकसंरक्षणाचा परवाना होता. ज्वारी हुरड्यात आली की रात्री माळ्यावर बसायचं, रानडुकरं आली की आधी हाळी, मग डबा, आणि नाहीच ऐकलं तर बार. आजोबा गेल्यावर बंदूक रीतसर जमा झाली. चिमटा तेवढा राहिला.

गोळी घरी का पाडायची?

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी किंवा कागद, मग गोळी किंवा छर्रे घालायचे आणि गजानं ठासायचं. पूर्वी नळ्या कारागिराच्या हातच्या, त्यामुळं एका बंदुकीची नळी दुसरीसारखी नसायची. गोळी मोठी झाली तर आत जात नाही, बारीक झाली तर सगळा जोर बाजूनं निघून जातो. म्हणून जशी नळी तसा साचा. बंदूक घेतली की साचा सोबत यायचा आणि मालक आपल्या गोळ्या आपणच पाडायचा. आपल्याकडंच नाही, युरोप-अमेरिकेतसुद्धा शेतकरी असंच करायचे.

"बारा बोअर" हा शब्द सगळ्यांनी ऐकलाय. त्याचा अर्थ या साच्यातच आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते, ती नळी बारा बोअरची. हिशोब केला तर एक गोळी जवळजवळ ३८ ग्रॅमची, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची. जुन्या पक्क्या शेराला २४ गोळ्या. सोळा बोअरची गोळी त्याहून लहान, कारण पौंडाला सोळा.

रायफल वेगळी. तिच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळं गोळी भिंगरीसारखी फिरत जाते आणि लांबवर सरळ लागते. पण आट्यात घट्ट बसणारी गोळी तोंडातून ठासायला फार वेळ लागायचा. १८४९ मध्ये मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं मागून पोकळ असलेली लांबट गोळी काढली. ती सैल आत जायची आणि बार उडाला की फुगून आट्यात बसायची. तशाच गोळीची एनफिल्ड रायफल इंग्रजांनी इथल्या पलटणींना दिली, आणि तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसावरून १८५७ चा भडका उडाला. हे सगळं जमलं, कारण शिसं मऊ असतं आणि लवकर वितळतं.

शिसं यायचं कुठून?

आपला सगळा मुलूख काळ्या बेसॉल्ट दगडाचा. त्यात शिशाची खाण नाही. उत्तरेला उदयपूरजवळ जावरला जुन्या खाणी आहेत, बाकी माल समुद्रातून यायचा. इंग्रजांच्या वखारीत विकायच्या मालात शिसं असायचंच. पुणे-सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता तेव्हा इथं तोड्याच्या बंदुका होत्या. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली सुताची दोरी, ती पेटती ठेवायची आणि कळ दाबली की दारूला टेकायची. सोरा म्हणजे आपण ड्रिपमधून सोडतो ते १३:००:४५, पोटॅशियम नायट्रेट. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरचा दारूखाना राहत्या घराजवळ नसावा असं बजावलंय. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं, ते पुढं आम्ही शिशाच्या बाबतीत विसरलो. ते खाली सांगतो.

गोळीवर सरकारची नजर

१२ मे १८७५ ला आपल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांवर उठले. त्यांचा राग होता कर्जरोख्यांवर. वह्या आणि रोखे काढून जाळले. तिथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा वेगळा कायदा आला. त्याच्या आदल्या वर्षी, १८७८ ला, लॉर्ड लिटनचा शस्त्रांचा कायदा आला होता. तो सुप्यामुळं आला असं नाही, साऱ्या हिंदुस्थानाला होता. पण त्यानं शेतकऱ्याच्या घरातली बंदूक परवान्याखाली गेली, गोऱ्यांना मात्र सूट. त्या कायद्याच्या व्याख्येत शिसं, गंधक आणि सोरा ही नावंसुद्धा होती. म्हणजे सरकारनं ठरवलं तर नुसत्या शिशावरही बंधन घालता येत होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला. त्याच्या १३व्या कलमात आपल्यासाठी खास ओळ आहे. खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, आणि ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी साध्या नळीची बंदूक. आजोबांची बंदूक याच ओळीवर होती. पण परवाना बंदुकीचा, जनावर मारायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते वेगळं झालं. आपल्या भागातली चिंकारा पहिल्या परिशिष्टात गेली, आणि १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं. आज रानडुक्कर उसात लोळत असलं तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही. आणि दारूगोळा घरी बनवणं तर विनापरवाना गुन्हाच आहे. हे वाचून कुणी साचा गरम करायला बसू नका.

चुलीवरचं शिसं

आता मुद्द्याचं. आजोबा गोळ्या पाडायचे ते स्वयंपाकाच्या चुलीवर. लोखंडी पळीत शिसं ठेवायचं. ३२७ अंशाला ते पाण्यासारखं होतं. वर काळी साय येते, ती काढून टाकायची. साचा आधी तापवून घ्यायचा, नाहीतर गोळीला सुरकुत्या पडतात. ओतलं, थोडं थांबलं, चिमटा उघडला की गोळी टप्पकन राखेत पडायची. शेंडा कापायचा. आम्ही पोरं ती साय आणि ते शेंडे खेळायला घ्यायचो, तोंडातसुद्धा धरायचो. जड आणि चकचकीत, मजा वाटायची.

एका पावसाळ्यात साचा दमट राहिला होता. शिसं ओतलं आणि फाटकन आवाज झाला. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटीपेक्षा जास्त फुगते, ती शिसं घेऊनच बाहेर आली. आजोबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत डाग पडले, ते शेवटपर्यंत होते. आजी तेवढीच एकदा ओरडलेली मला आठवते. तिचं ओरडणं भाजण्याबद्दल होतं. खरा धोका त्या सायीत, राखेत आणि त्याच चुलीवरच्या भाकरीत होता, तो कुणालाच माहीत नव्हता.

शिसं पोटात गेलं की लहान मुलांच्या अंगात मोठ्या माणसाच्या ४ ते ५ पट मुरतं. ते हाडात साठतं, मेंदूवर आणि रक्तावर परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची अमुक मात्रा चालते असं काही नाही. म्हणून तर २००० साली आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले, कारण पक्षी खडे समजून तळ्यातले छर्रे गिळायचे आणि मरायचे. आपल्या भिगवणला रोहित पक्षी येतात, तिथंही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, आता कोण गोळ्या पाडतंय? बंदुका गेल्या, पण शिसं गेलं नाही. उजनीच्या काठाला फेकायच्या जाळ्याला शिशाची वजनं लागतात. मी स्वतः बघितलंय, जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी फोडून प्लेटा दारातच पत्र्याच्या डब्यात वितळवत होते, शेजारी लेकरू रांगत होतं. बॅटरीतलं शिसं साध्या शिशापेक्षा वाईट, त्यात आम्ल असतं आणि दुसरे धातूही असतात. आम्ल बांधावर ओतलं की तिथल्या मातीत शिसंही जातं, आणि ते युरियासारखं वाहून जात नाही, वरच्या थरात वर्षानुवर्षं तसंच राहतं.

म्हणून एवढं करा. जुनी बॅटरी फोडू नका, नवीन घेताना दुकानदाराला परत द्या, वजनाचे पैसे मिळतात. वजनं करायचीच वेळ आली तर तयार विकत घ्या. घरात जुनं शिसं असलं तर पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि हाताळलं तर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

आमच्याकडचं ओंजळभर शिसं मी जुन्या बॅटरीसोबत दुकानात देऊन टाकलं. साचा घासून ठेवलाय. नातवाला सांगितलं, हा बघायचा, वापरायचा नाही.

तुमच्या घरात असा चिमटा, गज किंवा शिंगाचा दारूदान असेल तर म्हाताऱ्या माणसांना त्याची गोष्ट विचारून घ्या. आमच्या आजोबांना मी वेळेवर विचारलं नाही.