जाळीच्या झाकणाची गोष्ट

पावसाळ्यात सोनकिडा धरून काड्यापेटीत ठेवण्याचा उद्योग आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केला असेल. पेटीला सुईनं चार भोकं पाडायची, आत बाभळीचा पाला घालायचा, की झालं घर तयार! हवा आत जावी, पण किडा बाहेर येऊ नये, एवढीच त्यामागची अक्कल. मला मात्र या साध्या अकलेचं नेहमी नवल वाटत आलं आहे. कारण प्राणिशास्त्रातली काही मोठी कोडी अशाच घरगुती डब्यांनी उलगडली आहेत.

पहिलं कोडं असं, की किडे येतात कुठून? आपल्या जुन्या ग्रंथांनी सजीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग केले. त्यांपैकी स्वेदज म्हणजे घामातून, दमट उष्णतेतून जन्मणारे. उवा, ढेकूण हे जीव त्यात मोडत. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून अशीच समजूत होती. मांस सडलं, की त्यातूनच अळ्या तयार होतात, असं चांगली शिकलेली माणसंही मानत. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारचे वैद्य फ्रांचेस्को रेदी यांना याची खात्री करून घ्यायची होती. त्यांनी काही बरण्यांत मांस आणि मासे ठेवले. निम्म्या बरण्या उघड्या, निम्म्या घट्ट बंद. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत.

पण इथे शंका निघते. बंद बरणीत हवाच नव्हती, मग अळ्या होणार कशा? म्हणून रेदींनी बरणीच्या तोंडावर नेपल्सचं झिरझिरीत कापड बांधलं आणि ती बरणी तशाच कापडानं मढवलेल्या चौकटीत ठेवली. आता हवा आत जात होती, माशी मात्र जाऊ शकत नव्हती. आतलं मांस सडलं, पण त्यात एकही अळी झाली नाही. माश्यांच्या अंड्यांतूनच अळ्या होतात, हे १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानं दाखवून दिलं. शेकडो वर्षांच्या समजुतीला धक्का दिला तो वीतभर कापडानं!

दुसरी गोष्ट मारिया सिबिला मेरियन यांची. १६४७ साली फ्रँकफर्टला जन्मलेल्या या मुलीनं तेराव्या वर्षी रेशीमकिडे पाळायला सुरुवात केली. पुढे ती दिसेल ती अळी घरी आणू लागली. अळी डब्यात ठेवायची, ती ज्या झाडावर सापडली त्याचाच ताजा पाला रोज घालायचा, आणि ती कात कधी टाकते, कोष कधी करते, हे टिपून ठेवून चित्रं काढायची. कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्या बाहेर येत. तेही तिनं नोंदवलं. आज आपल्याला माहीत आहे, की काही माश्या आणि गांधीलमाश्यांचे भाऊबंद असलेले बारीक कीटक अळीवर किंवा तिच्या अंगात अंडी घालतात. १६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पुस्तक आलं. बावन्नाव्या वर्षी ती मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली आणि तिथल्या कीटकांवरचा तिचा प्रसिद्ध ग्रंथ १७०५ साली निघाला. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या बाईचं हे काम.

तिसरे फ्रान्सच्या सेरिन्यां गावचे झां-आंरी फाब्र. त्यांच्याकडे तारेच्या जाळीचे घुमट असत. अशाच एका घुमटाखाली त्यांनी नुकतीच कोषातून निघालेली मोठ्या मयूर पतंगाची मादी ठेवली. रात्री घरात सुमारे चाळीस नर पतंग येऊन दाखल झाले! मादीला हवाबंद डब्यात ठेवलं, की एकही नर फिरकत नसे. डब्याला जराशी फट राहिली, की पुन्हा हजर. माणसाच्या नाकाला जो मुळीच कळत नाही, असा गंध त्या फटीतून बाहेर जात होता. पुढे १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडॉल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून अशा गंधद्रव्याची ओळख पटवली.

असा डबा आजही घरी बिनखर्चात होतो. रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तोंडावर मलमलीचा तुकडा ताणून रबरबँड लावावा. भोकं श्वासासाठी असतात, असं आपण समजतो. खरं तर अळीला हवा अगदी थोडी लागते. घात होतो तो ओलीनं. बंद बरणीत पाल्याचा आणि विष्ठेचा दमटपणा साठतो, बुरशी धरते आणि अळी मरते. म्हणून तळाला कागद घालून तो रोज बदलावा. कढीपत्त्यावरच्या अळीला कढीपत्ता, रुईवरच्या अळीला रुईच द्यावी; दुसरा पाला ती बहुधा खाणारच नाही. आत एक उभी काडी हवी, म्हणजे बाहेर आलेल्या फुलपाखराला लटकून पंख पसरता येतात.

पंख वाळले, की मात्र कापड सोडावं. तोवर घरातल्या मुलानं वहीत तारखा लिहिल्या असतील, तर मेरियनबाईंच्या शाळेत त्याचं नाव दाखल झालं म्हणायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)