डाव्या पायाचा इतिहास : खानदेशातील मोटार वाहतूक आणि क्लचच्या पेडलची घडण

खानदेशाच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने रस्ते, लोहमार्ग व बाजारपेठा यांकडे गेलेले दिसते. मुंबई-आग्रा रस्ता, भुसावळचे जंक्शन, ताप्ती व्हॅली रेल्वे, जळगावचा कापूस आणि रावेर-यावलची केळी यांविषयी बरेच लिहिले गेले. तथापि हा सारा माल आणि ही सारी माणसे ज्यांनी वाहून नेली, त्या चालकांच्या शरीरश्रमांची नोंद इतिहासलेखनात अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात मोटारीच्या एका लहानशा भागाच्या, म्हणजे क्लचच्या पेडलच्या, आधारे या श्रमांचा विचार केला आहे. पेडल हलके होणे ही केवळ यंत्रशास्त्राची प्रगती नव्हे. गाडी विकत घेणारा आणि ती चालविणारा जेथे एकच होता तेथे ही सुधारणा लवकर पोहोचली. जेथे ते दोघे वेगळे होते तेथे ती रेंगाळली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम भूगोल पाहू. धुळे हे तीन राष्ट्रीय महामार्गांचे मीलनस्थान आहे. जुन्या क्रमांकांनुसार ३, ६ व २११ हे महामार्ग येथे एकत्र येत. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ते ६०, ५२ व ५३ या क्रमांकांनी ओळखले जातात. तापीचे खोरे सपाट आहे. परंतु मलकापूरकडे जाणारी पूर्वेची वाट सोडली, तर या सपाटीतून बाहेर पडणाऱ्याला बहुधा घाट चढावा लागतो. उत्तरेस सेंधव्याजवळ बिजासन घाट, दक्षिणेस लळिंग व पुढे चांदवडचा राहूड घाट, पश्चिमेस नवापूरच्या वाटेवर कोंडाईबारी आणि चाळीसगावहून वर चढताना कन्नडचा घाट. या शेवटच्या घाटाला आउट्रम घाट असेही म्हणतात. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचे नाव त्याला मिळाले आहे. घाट म्हणजे गिअर बदलणे आणि गिअर बदलणे म्हणजे क्लच दाबणे. म्हणून पेडलचा प्रश्न या प्रदेशात पुस्तकी राहत नाही.

क्लचची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने आवळून धरलेली असते व त्या पकडीतून इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की प्रेशर प्लेट मागे सरते आणि पकड सुटते. म्हणजेच चालकाचा डावा पाय प्रत्येक वेळी त्या स्प्रिंगशी झुंजत असतो. इंजिन जितके बलवान तितकी स्प्रिंग कडक आणि तितके पेडल जड, हा मूळ नियम होय.

तरफेचा उपयोग करून हा भार कमी करता येतो, परंतु त्याचे मोल चुकवावे लागते. उदाहरणादाखल, प्रेशर प्लेटवर ४०० किलोग्रॅमचा भार आहे आणि पेडलपासून तेथपर्यंतचे एकूण तरफगुणोत्तर ५० आहे असे धरू. घर्षण सोडून दिल्यास पायाला ८ किलोग्रॅम जोर लावावा लागेल. गुणोत्तर ८० केले तर जोर ५ किलोग्रॅमवर येईल. मात्र प्लेट दीड मिलिमीटर सरकविण्यासाठी पहिल्या रचनेत पाय ७५ मिलिमीटर जात होता, तो आता १२० मिलिमीटर जाईल. जोर वाचला, प्रवास वाढला. आपले पेडल ‘हलके पण खोल’ झाल्याची तक्रार अनेक चालक करतात, त्यामागे बहुतेकदा हेच गणित असते. खरी सुधारणा करावयाची तर स्प्रिंगचा स्वभाव बदलावा लागतो, मार्गातील घर्षण कमी करावे लागते किंवा बाहेरची शक्ती मदतीला आणावी लागते. गेल्या शतकभरात या तिन्ही वाटा चोखाळल्या गेल्या.

आरंभीच्या मोटारींत चामड्याचे अस्तर लावलेले शंकूच्या आकाराचे क्लच असत. ते एकदम पकडत आणि गाडीला हिसका बसे. इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेकसाठी घर्षण-अस्तरे तयार करण्यास प्रारंभ केला. उतारावर गाड्या रोखण्यासाठी गाडीवान जुन्या बुटांचे तुकडे चाकाशी लावीत, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचल्याचे सांगतात. बैलगाडीच्या मुलखातील वाचकाला ही हकीकत परकी वाटणार नाही. पुढे ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तरे आली आणि एका कोरड्या प्लेटचा क्लच सर्वत्र रूढ झाला. प्रेशर प्लेटभोवती वर्तुळाकार बसविलेल्या गुंडाळी स्प्रिंगांनी तो आवळला जाई. गुंडाळी स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा विरोध वाढत जातो, त्यामुळे पेडल तळाशी सर्वांत जड लागे. सिग्नलवर किंवा घाटातील खोळंब्यात पेडल दाबून उभे राहणे ही त्या काळी खरोखर शिक्षाच होती.

डायफ्रॅम स्प्रिंगने हे चित्र पालटले. ही ताटलीसारखी एकच स्प्रिंग असते. विशिष्ट मर्यादेपर्यंत दाबल्यानंतर तिचा विरोध वाढण्याऐवजी उतरू लागतो. पाय खाली गेल्यावर जोर कमी लागतो, हे तिचे वैशिष्ट्य होय. मात्र तिचा एक दोषही नोंदविला पाहिजे. प्लेट झिजत जाते तसा डायफ्रॅमचा भार काही काळ वाढतो आणि पेडल हळूहळू जड होते. जुन्या गुंडाळी स्प्रिंगांत उलट घडे. तेथे प्लेट झिजली की पकड सैल होई. मोटारमालक जड झालेल्या पेडलची तक्रार घेऊन येतो आणि मेकॅनिक ‘प्लेट संपत आली’ असे निदान करतो, त्याला असा शास्त्रीय आधार आहे. झीज आपोआप भरून काढणारे क्लच १९९० च्या दशकात युरोपीय मोटारींत आले.

मालक आणि चालक

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मोटार उद्योगाची पायाभरणी मुंबईत झाली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये तेथे गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. महिंद्रांची जीपही १९४७ पासून मुंबईतच जुळविली जाऊ लागली. १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून टाटांनी जमशेदपुरात ट्रक बांधण्यास सुरुवात केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. लाकडी सांगाडा आणि काथ्याची आसने असलेल्या त्या गाडीत चालकाच्या सुखाचा वेगळा विचार कोणी केला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘डबल क्लच’ ही चालकाची मूलभूत विद्या होती. एकदा दाबून न्यूट्रल, पाय उचलून इंजिनाचा वेग जुळविणे आणि पुन्हा दाबून पुढचा गिअर. म्हणजे प्रत्येक बदलास दोनदा दाबणे आले. कन्नड घाटाच्या वळणावळणाच्या चढावर अशी गाडी नेणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याचा विचार वाचकांनीच करावा. जड पेडलचा आणखी एक परिणाम उतारावर होतो. खालचा गिअर टाकण्याचा कंटाळा येतो, न्यूट्रलवर गाडी सोडण्याचा मोह वाढतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. डिझेल वाचविण्याची हाव हे याचे एकमेव कारण मानले जाते, ते मला अपुरे वाटते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. डायफ्रॅम स्प्रिंग, केबल आणि लहान इंजिन यांमुळे तिचे पेडल अनेकांना आश्चर्य वाटावे इतके हलके होते. ही गाडी घेणारा बहुधा ती स्वतःच चालविणार होता. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी हा तिचा ग्राहक आणि त्याच्या पायाला काय वाटते याला बाजारात किंमत होती. ट्रक वा बस घेणाऱ्याचा पाय मात्र पेडलवर पडत नव्हता. अवजड वाहनाला कडक स्प्रिंग लागते हे खरे आणि म्हणून सारा दोष मालकवर्गावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. परंतु ब्रेकसाठी संकुचित हवेची टाकी गाडीवर असतानाही क्लचला तिची मदत देणारा बूस्टर दीर्घकाळ सार्वत्रिक झाला नाही, याचे स्पष्टीकरण केवळ यंत्रशास्त्रात सापडत नाही.

गॅरेजमधील ज्ञान

कारखान्यातून आलेले पेडल तसेच राहत नाही. खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि काळ्या मातीची धूळ सर्वत्र शिरते. केबलच्या आवरणात धूळ गेली की पेडल खरखरीत व जड होते. जुन्या साध्या केबलला तेल-ग्रीस चालत असे. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या नव्या केबलला ते मानवत नाही, ती बदलणेच इष्ट. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा शिरलेली असते व ती काढावी लागते. त्यातील द्रव हवेतील ओलावा शोषतो म्हणून साधारणतः दोन वर्षांनी बदलावा. त्याऐवजी खनिज तेल ओतल्यास मास्टर व स्लेव्ह सिलिंडरचे रबरी सील फुगतात आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. पेडलच्या दांड्यातील झिजलेले बुश, फोर्कचा कोरडा टेकू आणि रिलीज बेअरिंगची सरकनळी ही घर्षणाची आणखी तीन ठिकाणे. अनेकदा नवी क्लच प्लेट टाकूनही पेडल सुधारत नाही, कारण दोष या स्वस्त भागांत असतो. पेडलवर पाय टेकवून गाडी चालविण्याची सवय तर बेअरिंगचा आणि प्लेटचा दोहोंचा नाश करते.

हे ज्ञान गॅरेजमध्ये तोंडी चालत आले आहे. ‘क्लच बसला’, ‘क्लच घसरतो’, ‘हाफ क्लच’, ‘पेडलला खेळ नाही’ हे शब्दप्रयोग आमच्या मते ऐतिहासिक साधनेच आहेत. महाविद्यालयीन विभागांनी जुन्या कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास प्रादेशिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन उघडेल. त्यात एक दुःखद प्रकरणही असेल. ॲस्बेस्टॉसच्या अस्तराची भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडविण्याची पद्धत सर्रास होती आणि ती भुकटी फुप्फुसांना घातक असते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क जीविताच्या हक्काचाच भाग मानला. परंतु तो निर्णय उद्योगातील कामगारांविषयी होता, रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत त्याचा प्रकाश पोहोचणे कठीणच.

जड पेडल हा स्त्रियांना चालकपद नाकारण्याचा एक सोयीस्कर युक्तिवादही होता. राज्य परिवहन महामंडळाने २०१९ मध्ये महिला चालकांचे प्रशिक्षण सुरू केले. त्याचे उद्घाटन जळगाव जिल्ह्याच्या कन्या, माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते पुण्यात झाले. महिला चालक प्रत्यक्ष प्रवासी घेऊन मार्गावर आली ती २०२३ मध्ये. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने कन्नड घाटात जड वाहनांना बंदी झाली. घाटातील तासन्‌तासांचे खोळंबे हे त्यामागील एक कारण होते.

त्याआधी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरील बस पुणे-अहमदनगर याच मार्गावर धावली. १९४८ च्या बेडफर्डचीच ती वाट, केवळ शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. या बसला क्लच नाही. तिच्या चालकाच्या डाव्या पायाला काहीच काम उरलेले नाही.